उपयोगिता प्रमाणपत्र

रकाना अकरा: कामापूर्वीचा फोटो, कामानंतरचा फोटो.
दोन्ही चिकटवले.
दोन्हींत नदी तशीच, करडी, काठोकाठ.
फक्त दुसऱ्यात बांध कमरेइतका वर आलेला
आणि मानशीला नवी दारं, माट्टीच्या लाकडाची.
लोखंडाची घाला, म्हांबरे साहेब म्हणत होते.
झेफेरिन म्हणाला, लोखंड खारं पाणी
तीन पावसाळ्यांत चघळून थुंकतं.
साहेबांनी फायलीवर लिहिलं:
‘स्थानिक अनुभव विचारात घेतला.’
एकवीस वर्षांच्या नोकरीत
इतकं गोड वाक्य मी एकदाच टाइप केलं.

पहिला अर्ज परत आला होता.
मालमत्तेचं नाव: बांध.
कोणाचा? पणजीहून विचारणा.
कोमुनिदादीचा म्हणावं, तर शेतं कुळांची.
कुळांचा म्हणावं, तर कुळांची पोरं स्विंडनला.
एक-चौदाच्या उताऱ्यात त्याला ओळच नाही.
आज्यापणज्यांपासून नदी अडवून बसलेला हा,
कागदावर जन्मलेलाच नाही.

मग दुसऱ्यांदा लिहिलं:
रोहित्र क्रमांक चार, नळयोजनेचं पंपघर,
शाळेकडचा रस्ता, फेरीचा धक्का,
‘व त्यांच्या संरक्षणार्थ मातीचा बंधारा’.
चालला.
रोहित्राला किंमत असते.
किंमतवाल्याच्या आडोशाने बिनकिमतीचं पलीकडे न्यायचं,
लहानपणी आईच्या लुगड्याआड लपून
मी फेरीचे पैसे चुकवायचे, तसं.

अठ्ठावीस लाख चाळीस हजार, आपत्ती निवारण, राज्य हिस्सा.
पहिला हप्ता मार्चअखेर. हातात दोन महिने.
चिखल होडीने आला. पेंढा, चिरे, खुंट.
शाणू तारीची माणसं, आणि झारखंडची चार पोरं.
त्यातल्या जितरामने ओंजळीतलं पाणी चाखून विचारलं,
नदीत मीठ कोण टाकतं?
झेफेरिनने बिडी विझवली.
‘चंद्र,’ म्हणाला.

रकाना चौदा: योजनेमुळे टळलेली हानी (पुराव्यासह).
इथे अडले.

ऑगस्टची अमावास्या. उधाण.
वर तीन दिवसांचा पाऊस, आणि संध्याकाळी फोन,
धरणाचे दरवाजे उघडलेत.
रात्री दोनला आम्ही बांधावर, बॅटऱ्या घेऊन,
जुन्या खांवट्याच्या जागी. मागे इथेच फुटला होता,
तेव्हा इनासिनच्या अंगणात शेवटे पोहत होते
आणि कोर्गुटसुद्धा तीन वर्षं धड रुजलं नाही.
पाणी आलं.
वर आलं.
काठाच्या वीतभर खाली थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं,
उंबऱ्यावरचा पाहुणा आत यावं की नको ठरवतो तसं.
झेफेरिनने दारावर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
‘धरलंय.’
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला तरी शिंक आली.
चारला ओहोटी लागली,
दारं आपली आपण उघडली.
सहाला पोदेर आला, पोंक पोंक, ऊन पाव घेऊन.
दिवे होते. नळाला पाणी होतं.

याचा फोटो कुठून काढू?
फुटला असता तर शंभर निघाले असते,
मंत्रीसुद्धा गुडघाभर पाण्यात उभे राहिले असते.
न फुटलेला बांध, न विझलेला बल्ब,
न बुडालेली सायकल
कॅमेऱ्यापुढे उभी केली
तर नुसता बांध, बल्ब, सायकल.

‘निरंक’ लिहिलं. खोडलं.
शाळेत गेले, हजेरीपटाच्या पानाची झेरॉक्स मागितली.
सतरा ऑगस्ट, तिसरीचा वर्ग.
एकतीसपैकी तीस हजर.
आर्लेट गैरहजर, घसा दुखतो म्हणून.
तेच जोडलं, शिक्का मारला,
जावक क्रमांक टाकला.

अजून उत्तर नाही. दुसरा हप्ता अडकलाय.
झेफेरिन रोज खिडकीशी येऊन विचारतो.
काजूच्या सालीचं तेल महागलंय,
आणि दारांना पावसाआधी
दोन हात पाजायचेच आहेत.