नकाशा हाताने काढावा

पहाटे मी नीळ ढवळते,
कोपरापर्यंत हात निळे,
आणि हा ओट्यावर कागद पसरून
आमच्याच घराची वाट शोधत बसलेला.
अकरावं वर्ष. छापील चालत नाही,
कचेरीपासून दारापर्यंत
नकाशा हाताने काढावा.

"देऊळ कुठल्या हाताला?"
अरे, रोज जातोस ना तिथून!
"जाताना उजव्या. येताना डाव्या."
कोशित्सेत लिफ्ट दुरुस्त करायचा ओन्द्रेय,
वर-खाली नीट कळतं त्याला.

पुलापाशी त्याने पा खामचं शेवयांचं दुकान दाखवलंय.
दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली.
मी म्हटलं, असू दे.
फ्रेमध्ये अजून सगळे त्या दुकानावरूनच वळतात.

पहिल्यांदा राहायला आला तेव्हा
मला कळवावं लागलं होतं, घरमालकीण म्हणून,
चोवीस तासांच्या आत :
माझ्या घरी एक परदेशी उतरला आहे.
नातं? नवरा.
किती दिवस राहणार?
पेन हातात धरून मी बराच वेळ बसले होते,
मागची माणसं खाकरायला लागेपर्यंत.

घराचं पुस्तक निळं. त्यात मी, आई,
आणि शिक्का मारलेला भाऊ.
ह्याचं पुस्तक पिवळं, वेगळं.
दोन्ही एकाच ट्रंकेत, एकाच रबरबँडात.

फोटो चार. नंबराची पाटी दिसेल असा एक,
फाटकापाशी एक, जेवताना एक,
एक झोपायच्या खोलीत, पलंगासकट.
त्या सकाळी पंपावरून आमचं वाजलं होतं.
चार लाख बात बँकेत नुसते पडून,
हात लावायचा नाही,
आणि मी शेजारून बादलीने पाणी आणतेय!
शेजारचा पोरगा म्हणाला, "जरा जवळ सरका."
सरकलो.
दिसलो का नवरा-बायको, ते साहेबांनी ठरवावं.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सही निळ्या शाईने.
केली.
मग चष्म्यावरून : "हा डाग कसला?"
माझा अंगठा. कागदाच्या कोपऱ्यावर उमटलेला,
रेघन् रेघ.
"धंदाच तो आहे, बाई."
"झेरॉक्स पुन्हा काढा."
तीन बात पानाला, आणि जेवणाची सुट्टी मध्येच.

दरवर्षी साक्षीला लुंग थोंगदी यायचे,
इस्त्रीचा सदरा घालून, कवळी लावून.
थंडीत गेले.
यंदा त्यांची बायको, पा सायबुआ.
"हे दोघं एकत्र राहतात, तुम्हाला काय ठाऊक?"
पा सायबुआने पान चघळायचं थांबवलं.
"रात्री हा खोकतो.
मग ही ओरडते, पंखा बंद कर म्हणून.
मग पंखा बंद होतो."
बाई लिहीत होत्या.
"आमच्याकडचा आता रात्रभर चालूच असतो,"
पा सायबुआ म्हणाली. तेवढं
बहुतेक लिहून घेतलं नाही.

ह्याला एवढं थाई कळतं.
तो चपलांकडे बघत राहिला.

शिक्का मिळाला : विचाराधीन.
तीस दिवसांनी या.
अकरा वर्षं विचारच चाललाय,
मी तर एका दुपारीत हो म्हटलं होतं,
तेही रंगाच्या माठात काठी धरून.

बाहेर लॉटरीवालीकडून पावतीचे शेवटचे आकडे घेतले,
त्रेसष्ट. एकमेकांकडे तोंड केलेले.
सोळा तारखेला छत्तीस आला.

मी तिकीट फाडणार तेवढ्यात हा म्हणाला,
"जाताना त्रेसष्ट. येताना छत्तीस."
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

पंप अजून बंदच आहे.