डोळ्यांनी पाहून

तहसील कचेरीच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल. तीस वर्षं मी लिहितो
खरेदीखतं, संमतीपत्रं, नावातले बदल,
आणि क्वचित कधी एखादं जनावर.

तो घोडा मीच लिहिला.
'रंग कुमैत, कपाळावर टिळा, मागचा उजवा पाय पांढरा,
वय अंदाजे सात, किंमत रुपये बासष्ट हजार मात्र,
घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहून, पसंत करून घेतला.'
कोंडिबा आखाडे, राहणार माथेरान, यांची सही.
धर्मा थळे, राहणार नागाव,
यांची अंगठा नको म्हणून हट्टाने काढलेली सही.
घोडा बाहेर उभा होता
भिंतीला डावी कुशी लावून.
हे मला नंतर आठवलं.

सतराव्या दिवशी दोघं पुन्हा टेबलाशी.
धर्मा बसायलाही तयार नाही.
"आर्दाच घोरा दिलास मना!"

नागावहून आक्षीला जाताना
घोडा देवासारखा जातो म्हणे.
लाटा चाकाखाली येतात, वॉटर स्कूटर बोंबलते,
पुण्याची मंडळी मागे बसून फोटो काढतात,
हा कान हलवत नाही.
आक्षीला गाडी वळवली
की तोच समुद्र उजवीकडे येतो
आणि घोडा पहिल्यांदा समुद्र बघतो.
रोज पहिल्यांदा.
मग गाडी, पुणे, भेळेच्या पुड्या, सगळं सुरूच्या बनात.
एका बाईंचा चष्मा
धर्माने पदरचे पैसे घालून भरून दिला.

कोंडिबा शांत. तंबाखू मळत म्हणाला,
"पाय इचारले, पाय दावले.
दात इचारले, तोंड उघडून दावलं.
भवरे तर तुम्ही तीनदा मोजले.
डोळा कुणी इचारला?
आन् आमच्या वाटेला डाव्या हाताला दरी असती, साहेब.
ती न दिसलेलीच बरी."

धर्माने कागदावर बोट ठेवलं. वाचा.
मी वाचलं, डोळ्यांनी पाहून.
"कोनाचे डोल्यांनी?"

हा प्रश्न मला कुणी केला नव्हता,
ओहोटीला मोजलेले प्लॉट
भरतीला बघायला आलेल्यांनीसुद्धा नाही.

कोंडिबाने पिशवीतून दुसरा कागद काढला,
घड्यांवर फाटलेला. कर्जतचा शिक्का, पाच वर्षांपूर्वीचा.
अक्षर परक्याचं. वाक्य माझंच,
स्वल्पविरामासकट.
"मीबी असाच घेतला," एवढंच बोलला
आणि पहिल्यांदा खाली पाहिलं.

मी उठलो.
लिहिलेलं जनावर बघायला उठण्याची
ही माझी पहिलीच वेळ.
डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.
डोळा शिजलेल्या बांगड्याच्या डोळ्यासारखा पांढरा.
माश्या बसत होत्या, तो मिटत नव्हता.
मग वासाने की काय, त्याने मान पूर्ण वळवली
आणि उजव्या डोळ्याने
मला पाहून घेतलं.
पसंत, नापसंत, काही नाही.

दोन वाजेपर्यंत ओढाताण चालली.
पंधरा, सात, अकरा, 'घोडाच परत ने',
'चारा कोण भरून देणार', चहा तीनदा.
नऊ हजारांवर मिटलं.
नव्या कागदावर मी एकेक शब्द विचारून घातला.
'डावा डोळा अधू, उभयतांस मान्य.'
"आनि लिवा," धर्मा म्हणाला,
"दर्या उजवीकरं नको."
असं लिहिता येत नाही म्हणणार होतो.
लिहिलं.

कोंडिबा एसटी गाठायला निघाला
तेव्हा घोड्याच्या आंधळ्या बाजूने गेला.
तरी कान मागे वळले.

आता धर्माची गाडी आक्षीला वाळूवरून जाते
आणि परत येते आतल्या रस्त्याने,
सुपारीच्या वाड्यांमधून, पाटाच्या पाण्यावरून, सावकाश.
पाटी लावलीय त्याने. वाडी दर्शन.
वीस रुपये जास्त.