छत्तीस ब्रास

मी घरांच्या किमती काढते. बँकेसाठी.
टेप आता लेझरची. लाल ठिपका भिंतीवर टेकवला
की खोली स्वतःच आपला आकडा सांगते.
आज कासारवडवली, बी विंग, सातवा मजला,
टिपणीसांचा फ्लॅट. बाल्कनीतून येऊरच्या डोंगराची एक चीर
आणि खाली निळ्या फरश्यांचा
रिकामा तलाव.

"पूलचे किती धरता?" चहा पुढे करत टिपणीस विचारतात.
पाणी नाहीये त्यात, मी म्हणते.
"पाण्याचं काय एवढं! तीन उन्हाळे नाही.
टँकर परवडत नाही, चौथ्या मजल्याचा कायम विरोध.
गेल्या रविवारी मीटिंगमध्ये बुजवायचा ठराव आला,
पडला.
विकताना विचारतात हो.
पोहायचं कुणाला असतं?"

खाली पोरं तलावात क्रिकेट खेळतायत.
चेंडू कसाही मारा, घरंगळत
खोल बाजूलाच जातो.
तो उतार मला पाठ आहे.

डिप्लोमा करून नुकती लागले होते, याच साइटवर.
हजेरी माझ्याकडे, मोजमापाचं पुस्तक माझ्याकडे.
दोन इमारतींच्या बेचक्यातून पोकलेन आत शिरेना,
म्हणून मुकादमानं माजिवड्याच्या नाक्यावरून
वडारांच्या तीन जोड्या आणल्या.
सहाशे रुपये ब्रास. कडक मुरूम. टिकाव ज्याचे त्याचे.
जोडी म्हणजे नवरा-बायको, रजिस्टरात नाव एकाचं.
यल्लप्पा, असं मी लिहायचे.
माती दुरगव्वा वाहायची.

चाळीस बाय अठरा, खोली सरासरी पाच.
खड्ड्याच्या मधोमध त्यांनी मातीचा एक खुंट
तसाच सोडला होता,
डोक्यावर मूळच्या जमिनीचं गवत घेऊन उभा.
किती खणलं ते त्याच्यावरून मोजायचं.
साक्षी म्हणायचे ते त्याला.
दुरगव्वानं एकदा विचारलं,
अक्का, झरा कुठल्या अंगाला?
झरा नाही, टँकरनं भरणार, म्हटलं.
ती इतकी हसली की घमेलं खाली ठेवावं लागलं.

मोजणीच्या दिवशी टेप मी धरली.
छत्तीस ब्रास.
ठेकेदार म्हणाला, चौतीस लिहा मॅडम,
कडेची ढासळलेली माती ह्यांनी खणली थोडीच?
मी चौतीस लिहिलं.
यल्लप्पानं आकडा ऐकला, साक्षीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मोजणी झाली की साक्षी पाडतात, रीतच आहे.
दुरगव्वानं चार घावांत पाडली,
गवतासकट घमेल्यात भरली, वर आणून टाकली.
ते माप कशातच धरलं नव्हतं.
बाराशे रुपये. जोडीमागे चारशे.
त्या दुपारी साइट ऑफिसात माझ्यासाठी
थंडगार मँगोला आला. मी प्याले.

फॉर्मात एक रकाना आहे, सुविधा.
तलावाचे तीन टक्के.
एक कोटी चाळीसवर चार लाख वीस हजार.
अशी शहाण्णव घरं… गुणाकार अर्ध्यावर सोडला.
मजुरीला आमच्याकडे रकाना नसतो.
ती बांधकामात धरलेली असते, असं शिकवतात.
मी तीन टक्के लिहिले.
टिपणिसांनी आणखी अर्धा कप विचारला.

निघताना खाली उतरले. पोरांना म्हटलं, एक मिनिट,
आणि पायऱ्या उतरून तळाशी जाऊन उभी राहिले.
लाल ठिपका या भिंतीवर, त्या भिंतीवर.
फरशी, कोबा, वॉटरप्रूफिंगचा थर मिळवला,
मोबाइलवर गुणलं, शंभरानं भागलं.
छत्तीसच येतात.
"काकू, बुजवणार का हा?" यष्टीमागचा मुलगा म्हणाला.
नाही रे, मोजतेय.
"मग बाजूला व्हा ना.
बॉल तिकडेच येतो."