सहा नंबरचा चॅनेल

म्हार्दोळ ओलांडून आत, देवळाची अग्रशाळा:
आठ खोल्या, एक भटारखाना, एक कचेरी,
आणि मी पोचलो तेव्हा, सात वायफाय.
ज्याला जेव्हा वाटलं त्यानं तेव्हा लावलेलं.
एक कुणा महाजनांनी जत्रेत दान दिलेलं,
एक भटजींच्या मुलाचं, परीक्षेपुरतं,
एकावर अजून बंद पडलेल्या झेरॉक्सवाल्याचं नाव.
सात नावं, सात पासवर्ड,
आणि सगळे एकाच चॅनेलवर, सहावर,
समितीच्या सभेसारखे एकदम बोलणारे.

मी कोटेशनमध्ये लिहिलं: केंद्रीय व्यवस्थापन.
खजिनदार केंकरे चष्म्यावरून म्हणाले, म्हणजे?
म्हटलं, कचेरीत एक पेटी. ती सांगेल, बाकीचे ऐकतील.
असं इथं आजवर झालेलं नाही,
ते म्हणाले, आणि सही केली.

सहा पांढऱ्या तबकड्या छताला लागल्या.
दोन नंबरातली बाई मस्कतच्या नवऱ्याशी बोलत
जिना उतरली, दीपमाळ ओलांडून तळीपर्यंत गेली.
एका तबकडीनं तिला दुसरीच्या हाती दिलं,
दुसरीनं तिसरीच्या.
तिला कळलंसुद्धा नाही.
मी लॅपटॉपवर पाहत होतो.
इतकं सुंदर काही मी फार वेळा केलेलं नाही.

सातवा राहिला भटारखान्यात,
शाणूनं सुंभानं वाशाला बांधलेला,
धुरानं तांबूस, एक अँटेना मोडकी.
नाव शाणू. पासवर्ड तिरफळ, इंग्रजी अक्षरांत.
काढतो म्हटलं, तर म्हणाला, फाल्यां काड.
असे पाच फाल्यां गेले.

मग आश्विनात वीज पडली मागच्या माडावर
आणि कचेरीतली पेटी गेली.
सहाही तबकड्या जिवंत,
पण हुकमाच्या वाटेकडे डोळे लावून, नारिंगी.
मी वास्कोत. सकाळशिवाय येता येईना.
रात्रभर पाहुणे भटारखान्यात, पाटावर, पोत्यांवर;
मस्कतवाली बाई वैलाशी उभी, फोन वाशाकडे उंच धरून,
आणि शाणू पासवर्ड सांगतोय ओरडून,
दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं.

सकाळी पेटी बदलली.
पेटी मेली तरी तबकड्यांनी आपापलं चालवावं
असा एक चौकोन असतो सेटिंगमध्ये.
त्यात टिक करायची राहिली होती. माझी.
केंकऱ्यांना म्हटलं, वीजच तशी पडली.

मग माझ्या तबकड्या नेल्या एकवर आणि अकरावर.
सहा मोकळा ठेवला.
बिलात त्याचे काही लावले नाहीत.