कांडी

बीटचा हंगाम, नॉर्थ डकोटा.
रात्रपाळीहून परतलेली व्हर्ला
ट्रेलरच्या कुशीला गुडघे टेकते.
तीनदा टिकटिक, ठिणगी,
ज्योत नाहीच.

शेजारचा एल्डन टॉर्च धरतो,
सल्लेही देतो, न मागता.
बर्नरच्या नळीत
गॅसच्या वासाला भुललेल्या कोळ्याचं
चिमूटभर जाळं.
तारेचा ब्रश. फुंकर. एक शिवी.

आता हात घातलाच आहे तर
टाकी थंड आहे ना, तळव्यानं बघून
ती खालचा बोल्ट काढते.
चुन्याची खरवड भळाभळा,
मागून कांडी:
मार्चात अंगठ्याएवढी होती,
आता नुसती कुरतडलेली तार.

"गंजायचं ते हिनंच गंजून घेतलं," एल्डन म्हणतो,
"टाकीला ओरखडा नाही बघ."

व्हर्ला बोलत नाही.
नव्या कांडीच्या आट्यांना टेप गुंडाळते.
जुनी टाकते कोटाच्या खिशात,
चिखलाच्या हातानंच.