दिवाडीचे मुळे

शनिवारी शिगम्याचं रोमट बघायचं ठरलं होतं.
पण रायबंदरची फेरीबोट दिवाडीला लागली
आणि शाल्मली म्हणाली, "आधी मुळे."

कायतानबाबनं कसायला दिलेले तीन वाफे,
भाडं: रविवारी डबाभर खतखतं.
फाल्गुनातलं ऊन, विहिरीत दोन हात पाणी,
तांबडी भाजी गुडघ्याशी,
अळसांद्याच्या वाळक्या शेंगा
स्वतःशीच खुळखुळणाऱ्या.

मुळ्यांचा वाफा मात्र माना टाकून.
लेक पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली,
मग म्हणाली, गेल्या रविवारी
एकेक उपटून बघितला,
वाढतोय का ते.
परत खोचला पण. नीट.

तिचा बाबा ओरडणार, तेवढ्यात
कायतानबाबनं काजूचा बोंडू पुढे केला.
"मी तरी काय वेगळं करतो, बाय?
पोरगा तारवावर गेला,
आठवड्याला तीन फोन.
जेवलास? निजलास?
आता तो उचलतच नाही."

बोंडूचा रस कोपरापर्यंत.
डाग जाणार नाही, ठाऊक होतं.

पलीकडे ढोल सुरू झाले. कुणी उठलं नाही.
शाल्मलीनं नवं बी पेरलं,
भोवती तिसऱ्यांच्या शिंपल्या लावल्या,
स्वतःलाच आत न येण्यासाठी.

परतताना, बोट अर्ध्या नदीत:
"आले असतील का गं एव्हाना?"