शेऱ्याचा रकाना

धामणतळीच्या सड्यावरून समुद्र दिसतो,
पण ऐकू येत नाही.
ऐकू येतो रवळू घाडींचा कोयता,
करवंदीच्या जाळीतून वाट काढणारा,
आणि मागे न वळता बोललेलं,
"ह्या बगा, सायबाचा भोक."

भोकच. जांभ्याच्या कपाळाला पडलेलं,
वर फणसाएवढं पोळं.
आत शिरण्याआधी त्यांनी विडा ठेवला, पुटपुटले,
"बा म्हाराजा, सरकारी बाई असा,
हिका काय करू नको."
मी बॅटरी पेटवली.

दीडशे वर्षांमागे कुणी एक साहेब
इथल्या व्हाळात चमकलेलं काहीतरी रुमालात बांधून
गलबतातून मुंबईला गेला
आणि भागधारक घेऊन परतला.
चार पावसाळे काम चाललं. मग नाही.
एवढंच माहीत आहे, तेही ऐकीव.

जांभा संपतो तिथे हवा बदलते.
काळ्या दगडात गारेची पांढरी शीर,
म्हाताऱ्या हातावरच्या शिरेसारखी
कधी वर आलेली, कधी बुडालेली,
आणि तिच्या मागे मागे पोखरत गेलेली माणसं.
शीर वळली तिथे वळली.
शीर बारीक झाली तिथे बोगदाही;
मी आधी वाकून, मग गुडघ्यांवर.
छिन्नीचे घाव सगळे एकीकडे कललेले,
एका हातभर जागेत तेवढे उलटे.
एक जण डावखुरा असणार.

वाघळांचा वास, आंबलेल्या रातांब्यासारखा.
कोनाड्यातली काजळी अजून बोटाला लागते.
बादलीचं कडं, बादलीशिवाय.
आणि पायाशी सोनमाखीचा खडा, हरभऱ्याएवढा:
क्षणभर माझाही श्वास अडकला,
आणि मी तर भूगर्भशास्त्र शिकलेली आहे.

शेवटी पाणी.
वैशाखात, इतकं निवांत, की बॅटरीचा उजेड
त्यात पडून तळाशी जाऊन बसला.
टेप सोडली: अकरा मीटर चाळीस.
पाण्याच्या वर, उभ्या माणसाचा हात पोचेल तिथे
कोळशाने लिहिलेल्या तीन ओळी, मोडीत.
मला मोडी येत नाही.

संध्याकाळी घाडींच्या लोट्यावर, रेंज आली तेव्हा
कणकवलीच्या पेडणेकर गुरुजींचं उत्तर आलं:
"येसनाक, दिवस सात.
भागी, दिवस अकरा.
बाकी देणे.
अक्षर कारकुनी आहे, वळणदार.
कागद असताना भिंतीवर का लिहिलं, कळत नाही."

मला कळल्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं.

फॉर्म मांडीवर घेतला. पातळी. चव.
गढूळपणा: नाही. खनिज: निरंक.
देणं लिहायला रकाना नाही.
शेरा शेवटी, दीड इंच जागा.
तिथे निळ्या शाईत येसनाक सात, भागी अकरा
लिहून झाल्यावर
पेन बराच वेळ कागदावरच राहिलं,
एक ठिपका पसरत गेला.

"काय लिवलास?"
वाचून दाखवलं.
घाडी कोयत्याची धार अंगठ्यावर बघत राहिले.
आत कुणीतरी भांडी विसळत होतं,
अगदी थोड्या पाण्यात.
मग म्हणाले,
"माझो आजो सांगी, सोना नाय म्हणान नाय,
पाण्यान पळालो सायब.
उपसून उपसून थकलो, पंप परवाडलो नाय तेका."
थोडं थांबून, फॉर्मकडे मान करून,
"आमचो पंप लिवलास मां?"